चारशेचा खिळा

लोझनाया गावात सकाळी आठला दोन गोष्टी चुकायच्या नाहीत. आगापा काकीची कोंबडी अंडं घालून गाव डोक्यावर घ्यायची, आणि ख्वेदोरा नदीत काठी घालायची. कोंबडी तरी एखाद्या दिवशी गप्प बसली असेल. ख्वेदोरा सत्तावीस वर्षांत एकदाही चुकली नाही. अंगात ताप असताना गेली. नवऱ्याला पुरलं त्या सकाळी पण गेली, आधी काठी, मग मयत. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत. नदी आज सुट्टी घेणार आहे का, असं तिनं विचारलं आणि विषय संपला.

काम ऐकायला सोपं. किनाऱ्यावर ओकचा एक खुंट ठोकलेला, त्याच्या डोक्यावर लोखंडी टोपी. पाणी चढलं की खुंट बुडतो. त्या टोपीवर काठी टेकवायची, काठीवर पाणी किती सेंटिमीटरला आलं ते बघायचं, त्यात खुंटाची ठरलेली उंची मिळवायची. झाला आकडा. तो वहीत लिहायचा आणि घरी येऊन जिल्ह्याच्या ऑफिसात फोन करून सांगायचा. वहीत शेवटी एक रकाना होता, 'विशेष'. त्यात ती रोज लिहायची, 'काही नाही'.

वसंतात मात्र गाव त्या आकड्यावर जगायचं. बर्फ वितळलं की प्रिप्यात नदी पसरते. कुरणं, वाटा, वाळुंजीच्या झुडपांची बेटं, सगळं पाण्याखाली. हे दर वर्षीचंच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. दारात नाव बांधायची आणि शेजारी मीठ मागायला पण नावेतनं जायचं. भीती एकाच गोष्टीची. खालची आळी खड्ड्यात आहे, नऊ घरं. तिच्या आणि नदीच्या मध्ये, दलदलीपलीकडे, एक जुना मातीचा बांध. पाणी चारशेला पोचलं की ते बांधावरनं पडतं, आणि तासाभरात खालच्या आळीत कंबरभर होतं. पाणी म्हणजे कालपर्यंत बर्फ होतं ते पाणी. जाऊन बांध बघून येऊ म्हटलं, तर त्या दिवसांत दलदल माणूस गिळते, आणि बर्फाच्या लाद्या फिरत असतात म्हणून नाव घालता येत नाही. त्यामुळं आकडा. आकडा चारशेच्या जवळ आला की खालच्या आळीतले लोक गोठ्यात लाकडी माच ठोकतात आणि गाई वर चढवतात. फार आधी चढवून चालत नाही. माच सगळा गोठा व्यापतो, गाईला धड बसता येत नाही, चार दिवसांत पाय सुजतात, दूध आटतं. उशीर करून तर चालतच नाही.

ख्वेदोराचा मोठा भाऊ रिगोर खालच्या आळीत शेवटच्या घरात राहायचा. बायको वारलेली, पोरबाळ नाही, एक पाय लाकडाच्या ओंडक्याखाली सापडून कायमचा वाकडा. जवळ होती ती कालिना, तांबडी गाय. तिच्याशी तो माणसांपेक्षा जास्त बोलायचा, आणि खरं सांगायचं तर माणसांपेक्षा बरं बोलायचा.

काठी खरं म्हणजे रिगोरला मिळायची होती. आधी ती त्यांच्या बापाकडे होती, आस्तापकडे, आणि रिगोर थोरला. पण त्यानं सहावीत शाळा सोडली. वही म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. दिवसभर दलदलीत असायचा, बीव्हरची बिळं मोजत, हरणांच्या मागे. बाप म्हणाला, याच्या हातात वही दिली तर नदी वाहून जाईल. काठी मुलीला मिळाली. शाळा सोडली म्हणून माणसानं डोकं पण सोडलं असं नसतं, पण हे बापांना कळत नाही.

त्यावरनं बहीण-भावात वीस-पंचवीस वर्षं खडाखडी. ती आकडा सांगायची, तो जनावरं सांगायचा. रिगोरचं म्हणणं असं, की पाणी येणार हे पाण्यात राहणाऱ्यांना आधी कळतं. जमिनीखालचे आंधळे काळे उंदीर, मखमली कातडीचे, ते बिळं सोडून वरच्या वाफ्यांत माती उकरायला लागले की समजायचं. पाणसाप वाळुंजीच्या शेंड्यावर वेटोळं घालून बसले की समजायचं. आणि सगळ्यांत शेवटी ससे. ससे कबरींच्या टेकडीवर आले की घाई करायची.

ती टेकडी म्हणजे रेतीचा उंचवटा, वर बर्चची झाडं आणि गावाचे सगळे मेलेले. पुरात तिचं बेट होतं, आणि आसपासच्या रानातलं जे जे जगायला धडपडतं ते तिथं येतं. ससे, हरणं, एखादा कोल्हा. एकदा रानडुकरीण पिलं घेऊन आली आणि सरपंचाच्या बापाच्या कबरीवर झोपली. कुणी काही केलं नाही. पुराच्या दिवसांत टेकडीवर बंदूक न्यायची नाही, कुत्रा न्यायचा नाही, ओरडायचं पण नाही, ही तिथली जुनी रीत. मेलेल्यांकडे आलेला पाहुणा तो.

"तुझ्या वहीत ससे कुठं लिहितेस?" रिगोर विचारायचा.

"सशांचा रकाना नाही."

"आणि 'विशेष'मध्ये काय लिहितेस?"

"काही नाही असं."

"मग बरोबर. काहीच नाही कळत तुम्हाला."

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. या सत्तावीस वर्षांत आकडा कधी चुकला नाही. ससे दोनदा चुकले होते. एकदा लांडग्याला भिऊन वर आले होते, पाणी आलंच नाही, आणि रिगोर आठवडाभर कालिनाच्या आईला माचावर उभी करून बसला होता. गाव अजून हसायचं त्यावर.

आकडा चुकायचा नाही, त्याचं कारण होतं खिळा. आस्तापनं जुन्या पडक्या गिरणीच्या पायाच्या दगडात एक लोखंडी खिळा ठोकला होता, बरोबर चारशेच्या उंचीवर. खुंट लाकडाचा, जमिनीतला. त्याचा भरवसा नाही. दगड हलत नाही. म्हणून दर वसंतात नदीचं बर्फ फुटून गेलं की पहिलं काम हेच. पहारीनं गिरणीच्या दगडावरच्या लाद्या फोडायच्या, खिळा मोकळा करायचा, आणि गवंडी वापरतात तशी पाण्यानं भरलेली नळी खिळ्यापासून खुंटापर्यंत धरून बघायची, खुंट आहे तिथंच आहे ना. बाप म्हणायचा, खिळ्याला विचारल्याशिवाय पहिला आकडा देऊ नकोस. ख्वेदोरानं सव्वीस वसंत विचारलं. खुंट कधी हलला नव्हता, बोटभर पण नाही.

सत्ताविसाव्या वर्षी बर्फ फुटलं ते सहा एप्रिलच्या संध्याकाळी, तोफा उडाव्यात तसा आवाज करत. दुसऱ्या दिवशी निरोपाचा सण.

देवदूत मरियेकडे निरोप घेऊन आला तो दिवस. लोझनायात या दिवशी कुणी जमिनीला हात लावत नाही. कुदळ नाही, कुऱ्हाड नाही, खुंटी ठोकायची नाही. बायका केस पण विंचरत नाहीत. त्या दिवशी कुणी मातीत काही ठोकलं तर उन्हाळाभर पाऊस पडत नाही, आणि मग कुणी ठोकलं ते गाव वर्षभर विसरत नाही. करायचं ते एवढंच, की करकोच्याच्या पायाच्या आकाराच्या भाकऱ्या भाजायच्या, कारण करकोचे त्याच सुमाराला परततात, आणि छपरावरच्या घरट्याकडे बघत त्या खायच्या.

पहार घेऊन गिरणीवर जायचा प्रश्नच नव्हता. नदीत काठी घालणं हे काम नाही, ते बघणं आहे, असं आस्तापनं पूर्वीच ठरवून ठेवलं होतं. ख्वेदोरानं आठला काठी घातली. तीनशे बहात्तर. चारशेला अठ्ठावीस कमी. नदी दिवसाला सहा सेंटिमीटर चढत होती. म्हणजे चार दिवस हातात. तिनं लिहिलं, घरी येऊन फोन केला, आणि पहिल्या भाकऱ्या भाजून पुढचं काळं पीठ मळायला घेतलं. आगापा काकी मदतीला आली होती, म्हणजे बाकावर बसून चुका काढत होती.

तेवढ्यात रिगोर दारात. वाकडा पाय ओढत, चिखलानं मांडीपर्यंत भरलेला, आणि हातात कुऱ्हाड.

आगापानं कुऱ्हाडीकडे बघितलं. "सणाची भेट आणलीस वाटतं."

"काकी, तुझी जीभ कापायला आणली होती. पण आज कापायला बंदी आहे म्हणे."

"उन्हाळ्यात माझे बटाटे करपले तर तू येशील का पाणी घालायला, त्या लाकडी पायानं?"

"पाय लाकडी नाही, वाकडा आहे. लाकडी तुझं काळीज."

मग तो बहिणीकडे वळला, आणि चेष्टा संपली. त्यानं सांगितलं की काल टेकडीवर अकरा ससे होते, आज तेवीस. एक हरिणी आली आहे, गाभण, पोट जमिनीला लागतंय. कांद्याच्या वाफ्यात आंधळ्या उंदरांनी मातीचे ढीग केलेत, सगळे घराच्या बाजूनं, नदीच्या बाजूला एक नाही. सगळं खालनं वर सरकतंय. आज माच बांधायला हवा. लाकडं आहेत. पण आडवे वासे एकट्यानं उचलत नाहीत, एक टोक धरायला माणूस लागतं. दोन तास ये.

"आज?" ख्वेदोरा म्हणाली. "आज खिळा ठोकशील?"

"नदीला सण माहीत नाही."

"नदीला नसेल. आळीला आहे."

खोटं नव्हतं ते. खालच्या आळीतल्या बायकांनी सकाळीच रिगोरला कुऱ्हाडीला धार लावताना बघून कुंपणावरनं तोंडाचा पट्टा सोडला होता. ख्वेदोरानं पिठाचे हात झटकले आणि त्याला सरळ हिशेब सांगितला. आज बहात्तर. उद्या अठ्ठ्याहत्तर. परवा त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी. उद्या तिला हलता येणार नाही, बर्फ फुटलं म्हणून ऑफिसनं दर दोन तासांनी आकडा मागितलाय. परवा सकाळी दहाला ती येईल, यूखिमला घेऊन. यूखिम म्हणजे तिचा शेजारी, बैलासारखा माणूस. दुपारपर्यंत माच तयार. तरी दोन दिवस शिल्लक राहतात.

रिगोर उंबऱ्यावर उभा राहून ऐकत होता. त्यानं एकच विचारलं.

"खिळ्याला विचारलंस?"

आता इथं थांबायला हवं. ख्वेदोरा खोटारडी बाई नव्हती. ज्यांना असं वाटतं त्यांनी सत्तावीस वर्षं सकाळच्या थंडीत पाण्यात उभं राहून दाखवावं. पण आगापा बाकावर बसली होती, कान टवकारून. आणि हा भाऊ, ज्यानं जन्मभर आकड्याची टर उडवली, तो कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहून बापाच्या खिळ्याबद्दल विचारत होता. नाही म्हटलं असतं तर आगापानं संध्याकाळपर्यंत गावभर केलं असतं, की ख्वेदोरा न तपासता आकडे देते. आणि खुंट सव्वीस वर्षांत बोटभर हलला नव्हता. उद्या परवा बघताच आलं असतं.

"विचारलं," ती म्हणाली.

एक शब्द.

रिगोरनं कुऱ्हाड खाली केली. "मग ठीक," म्हणाला. गरम भाकरीचा एक पाय उचलला, तोंडात टाकला, आणि गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आकड्यावर विश्वास ठेवला तो त्या दिवशी.

आठ तारखेला ख्वेदोरा दर दोन तासांनी नदीवर. मधल्या वेळात घरी येऊन फोन, चहाचा घोट, परत नदी. आकडे बरोबर सांगितल्यासारखेच चढले. सकाळी आठला अठ्ठ्याहत्तर. गिरणीच्या पायावर नदीनं माणसाच्या उंचीच्या लाद्या रचून ठेवल्या होत्या. त्या फोडायला अर्धा दिवस हवा. तो नव्हता. उद्या, तिनं ठरवलं, रिगोरचा माच झाला की तिथनंच.

नदीवर त्या दिवशी बघण्यासारखं होतं. रानहंसांचे थवे कुरणांवर उतरत होते, हजारांनी, आणि त्यांचा गोंगाट पाण्यावरनं असा यायचा जसा लांबच्या गावात बाजार भरलाय. एक मेलेलं मोठं हरीण लादीवर आडवं पडून गेलं, डोळे उघडे. मागच्या लादीवर कावळे बसून वाट बघत होते. टिटव्या बुडालेल्या घरट्यांवर घिरट्या घालत केकाटत होत्या. वाळुंजीच्या शेंड्यांवर तिला साप दिसले, एका झुडपावर पाच-सहा, ओल्या दोरीसारखे. रिगोर आठवला. रात्री आठचा आकडा लिहिला आणि 'विशेष'मध्ये लिहिलं, काही नाही.

नऊ तारखेला सकाळी आठला त्र्याऐंशी. तिनं सांगितलं होतं तेवढंच. लिहिलं. फोन उचलला. ऑफिसातली राइसा नेहमीप्रमाणं विचारत होती, विशेष? नेहमीप्रमाणं ती सांगत होती, काही नाही. आणि तेवढ्यात तिला गाय ऐकू आली.

गाय हंबरते तसं नाही. लांब, एकसारखं, थांबायचं नाव नाही. वाऱ्याबरोबर खालच्या आळीकडनं.

यूखिम नाव घेऊन दारातच आला. खालच्या आळीत पाणी भरलंय म्हणाला, उजाडायच्या आधीच आलं, लोक माळ्यांवर आहेत, रिगोरच्या घरातनं कुणी ओ देत नाही. ख्वेदोरा होती तशी नावेत बसली. हातात अजून काठी होती.

नाव गिरणीवरनं जाते. रात्रीच्या वाऱ्यानं तिथल्या लाद्या निघून गेल्या होत्या. पायाचा दगड मोकळा, काळा, ओला. तिनं बघितलं. खिळा दिसत नव्हता. तिनं काठी पुढं करून दगडावरनं खाली सरकवली, आणि पाण्याखाली दोन सेंटिमीटरवर ती खिळ्याला टेकली.

चारशे दोन. आणि वहीत तीनशे त्र्याऐंशी.

एकोणीस. म्हणजे तीन दिवस. गेल्या शरदात पाणी चढलेलं असतानाच नदी गोठली होती, बर्फानं खुंट गच्च धरला होता, आणि हिवाळ्यात मध्येच पाणी वाढलं तेव्हा बर्फानं तो दात उपटावा तसा वर ओढला होता. टोपी वर आली, म्हणून काठीवर पाणी कमी दिसलं. यूखिमला यातलं काही कळलं नाही. त्याला वाटलं ती काठीनं नाव ढकलतेय.

रिगोरच्या गोठ्याचं दार पाण्यात अर्धं बुडालेलं. यूखिमनं ते वल्ह्यानं उचकटलं.

आत कालिना वर उभी होती. रिगोरनं काल एकट्यानं माचाखालच्या दोन लाकडी घोड्या उभ्या केल्या होत्या, वासे उचलले नव्हते. पाणी आलं तेव्हा त्यानं घराचं दार बिजागऱ्यांतनं काढून घोड्यांवर टाकलं होतं, घरातलं टेबल पायरीसारखं लावलं होतं, आणि त्या मोडक्या पायानं, छातीभर बर्फाच्या पाण्यात, ती एवढी मोठी गाय वर चढवली होती. कशी, ते देवाला ठाऊक. दार गाईखाली हलत होतं. तिनं एक पाऊल इकडंतिकडं टाकलं असतं तर सगळं कोसळलं असतं. म्हणून तो खाली उभा राहून दावं धरून होता, तिचं तोंड भिंतीशी ओढून. दाव्याचे तीन वेढे मनगटाला. पाठ भिंतीला. डोळे अर्धे मिटलेले. पाणी गळ्याशी.

मेलेला होता. बुडून नाही. थंडीनं.

दावं त्याच्या मनगटावरनं सोडवायला यूखिमला चाकू लागला. ख्वेदोरानं गाईला धरलं.

दुपारी राइसाचा फोन आला. आवाज खाली घेऊन म्हणाली, इथं साहेब विचारतायत, त्र्याऐंशीला तुमचं गाव कसं बुडालं. मीच सांगितलं, बर्फ तुंबलं असेल खाली, पाणी एकदम चढलं असेल. तसंच लिही ना मावशी. बर्फ तुंबलं की कुणाची चूक नसते.

गाव पण तेच म्हणत होतं. दारात येणारा प्रत्येक जण. बर्फ तुंबलं ग. तुझा आकडा बरोबर होता, बर्फानं दगा दिला. आगापा काकी रडत रडत म्हणाली, माझ्यासमोर त्यानं विचारलं होतं आणि तू सांगितलंस की खिळ्याला विचारलं, अजून काय करणार होतीस. ख्वेदोरा भावाचं अंग पुसत होती. मनगटावर दाव्याची तीन वळं निळी उठली होती, ती पुसून जात नव्हती.

शवपेटी माचासाठी आणलेल्या फळ्यांचीच केली. मोजमाप बरोबर बसलं.

दहा तारखेला दोन नावा शेजारी शेजारी बांधल्या, वर पेटी आडवी, आणि मागनं बाकीच्या नावा. पादरी पुरामुळं येऊ शकला नाही, म्हणून आगापानं स्तोत्रं वाचायची ठरवली. कुत्री घरी बांधली होती. टेकडीला नावा लागल्या तेव्हा कुणी बोललं नाही, वल्ही पण हळू ठेवली.

ससे होते. बर्चच्या बुंध्यांशी, जुन्या क्रुसांच्या आडोशाला, भिजून अर्धे झालेले. माणसं बघून ते पळाले नाहीत, पळणार कुठं, फक्त टेकडीच्या पलीकडच्या टोकाला सरकले आणि कान पाडून बसले. ख्वेदोरानं मोजले. नको असताना मोजले गेले. तेवीस. गाभण हरिणी एका पडक्या कुंपणामागं उभी होती. आस्तापच्या कबरीशेजारी खड्डा खणेपर्यंत ती तिथनं हलली नाही, नुसती बघत होती, आणि तिच्या बरगड्या धापा टाकल्यासारख्या हलत होत्या.

आगापानं स्तोत्र वाचलं. लोझनायात माती टाकायच्या आधी घरचं माणूस गावाकडनं मेलेल्यासाठी माफी मागतं, त्यानं कुणाला दुखावलं असेल तर सोडून द्या म्हणून. गाव म्हणतं, सोडलं. नेहमीचं आहे, कुणी त्यात फार जीव घालत नाही. ख्वेदोरा पुढं आली आणि सगळे तेच म्हणायच्या तयारीत होते.

"त्यानं कुणाचं काही वाईट केलेलं नाही," ती म्हणाली. "माफी मला मागायची आहे. बर्फ तुंबलं नव्हतं. खुंट वर आला होता, एकोणीस. मी खिळा बघितला नव्हता. त्यानं मला विचारलं, आणि मी सांगितलं की बघितलाय."

वाऱ्यात बर्चच्या फांद्यांचा आवाज तेवढा होत होता. खालच्या आळीतली माणसं तिथं उभी होती, ज्यांचे बटाटे गेले होते, दोन कोकरं गेली होती. कुणी सोडलं म्हटलं नाही. कुणी शिवी पण दिली नाही. एकानं टोपी काढलेली होती ती परत घातली.

मग आगापा, पुस्तक मिटत, कुणाकडे न बघता म्हणाली, "मी बसले नसते त्या बाकावर तर तू खरं बोलली असतीस."

"माहीत नाही, काकी."

"मला माहीत आहे," आगापा म्हणाली, आणि वाकून पहिली मूठ तिनं टाकली.

यूखिमनं फावडं उचललं. बाकीच्यांनी पण उचललं. माती टाकायचं काम कुणी नाकारलं नाही. पण परत जाताना ख्वेदोराच्या नावेत यूखिमशिवाय कुणी बसलं नाही.

अकरा तारखेला सकाळी तिनं पहारीनं खुंटाभोवतीच्या लाद्या बाजूला केल्या, नळी धरली, खिळ्याला विचारलं. एकोणीसच. मग आठला काठी घातली आणि बरोबर आकडा काढला, चारशे तेरा. नेहमी या वेळी वरच्या वाटेवर खालच्या आळीतले दोघं-तिघं उभे असायचे, किती झालं मावशी, विचारायला. त्या दिवशी वाट रिकामी होती. त्यांच्या नावा तिला लांबनं दिसल्या. टेकडीला एक चक्कर मारून परत येत होत्या. ससे मोजायला गेले होते.

तिला राग आला नाही. घरी आली. कालिना तिच्या अंगणात बांधलेली, दोन दिवस दूध देत नव्हती, चारा हुंगून सोडत होती. ख्वेदोरानं फोन उचलला, आकडा सांगितला, आणि सात, आठ, नऊ, दहा तारखेच्या सगळ्या आकड्यांत एकोणीस मिळवायला सांगितले.

"मावशी, अग चार दिवसांचं सगळं खोडावं लागेल," राइसा म्हणाली. "वर कारण द्यावं लागेल. तुला काढतील."

"कारण लिही. खुंट तपासला नाही."

राइसानं पान उलटलं. मागं कुणीतरी टाइप करत होतं. मग सवयीनं तिनं विचारलं, "विशेष?"

"आठ तारखेला वाळुंजीवर साप होते. ते लिही. सात तारखेला टेकडीवर तेवीस ससे. कालही तेवीस."

"सशांना कोड नाही ग."

"मग कोडाशिवाय लिही."

"कुठं लिहू? रकान्यात एवढी जागा नाही."

"जागा कर," ख्वेदोरा म्हणाली, आणि राइसानं लिहिल्याचा आवाज येईपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.